अंदमानची सहल आणि पैशाची पुरचुंडी

परीक्षेचे वेळापत्रक लागले की आमच्या कार्यालयात पालकांची वर्दळ वाढते. कोणाला मुलाच्या गुणांची काळजी, कोणाला सुट्टी नेमकी कोणत्या तारखेपासून याची चौकशी. गेल्या काही वर्षांत मात्र एक नवाच प्रश्न ऐकू येऊ लागला आहे. "मॅडम, आम्ही अंदमानला जातोय. तिकडे एटीएम असते का हो? रोख किती न्यावी?" आमच्या चांदनीसारख्या लहान गावातून, नेपानगर-बुऱ्हाणपूरच्या आसपासच्या मराठी घरांतून लोक आता अंदमानला जाऊ लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पूर्वी आपली धाव ओंकारेश्वर, शेगाव, फार तर पंढरपूर इथपर्यंत. आमचे कुटुंब दोन वेळा तिकडे जाऊन आले, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. प्रत्येकाला वेगवेगळे सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच काढावे असे ठरवले. माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले, तेव्हा मराठीत कुठे हिंदीचा वास आला तर पालकांनी सांभाळून घ्यावे.

प्रथम एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. आपल्या इथे खिशातले पैसे संपले तर अडचण तासा-दोन तासांची असते. चांदनीत नाही मिळाले तर नेपानगर, तिथे नाही तर बुऱ्हाणपूर. ओळखीचा दुकानदार असतो, नातेवाईक असतो, आणि काहीच नाही तर घर असते. बेटावर तसे नसते. हॅवलॉकवर पैसे संपले तर पुढची सोय पोर्ट ब्लेअरला, आणि मध्ये दीड-दोन तासांचा समुद्र. बोट सुटायची तेव्हाच सुटणार. म्हणून बेटावर जाताना पैसे किती आहेत याच्या आधी ते कोणत्या रूपात आहेत, हे पाहावे लागते. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. २०१६ च्या नोव्हेंबरात आम्ही अकरा माणसे हॅवलॉकवर होतो, आणि त्याच रात्री नोटबंदी झाली.

त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस होती. भाऊबीज झाली आणि ३ नोव्हेंबरला आम्ही भुसावळहून हावड्याच्या गाडीत बसलो. आम्ही चौघे, सासूबाई, धाकटे दीर-जाऊ आणि त्यांची दोन मुले, नणंदबाई आणि त्यांचे यजमान. विमानाची तिकिटे आणि हॉटेलांचे अर्धे पैसे आधीच चेकने दिले होते. वरचा खर्च बरोबर न्यायचा होता. तो कसा न्यायचा यावर घरात आठवडाभर चर्चा चालली. आमच्या मिस्टरांच्या केळीचे पेमेंट नुकतेच रोख आले होते, सगळ्या हजाराच्या नोटा. त्यांचे म्हणणे, पैसा घरात आलाच आहे तर बँकेत कशाला जायचे, कमरेच्या पट्ट्यात बांधून घेऊ. भाऊजी रेल्वेत नोकरीला, त्यांचा सगळा भरवसा कार्डावर. "वहिनी, आता कोणी नोटा घेऊन फिरतं का? एटीएम सगळीकडे आहे." मी गणिताची शिक्षिका. अनेक वर्षे शाळेच्या सहली काढल्या आहेत. सहलीत मोठी नोट निरुपयोगी असते हे मला पक्के ठाऊक होते. चहावाला, होडीवाला, शौचालयाचा रखवालदार, पाण्याची बाटली, देवळातली दक्षिणा, यांपैकी कोणीही हजाराची मोड देत नाही. मी हट्टाने बँकेत जाऊन शंभराच्या नोटांचे एक बंडल, पन्नासाचे एक आणि दहाचे एक अशी सोळा हजारांची चिल्लर आणली. जाऊबाईंना हसू आवरेना. "वहिनी, तिथे काय भाजीचं दुकान लावायचंय?" हजार-पाचशेच्या मिळून सत्तर हजारांच्या नोटा होत्या. शिवाय दोन कार्डे. सगळे मिळून सामायिक खर्च, आणि हिशेबाची वही माझ्याकडे.

पोर्ट ब्लेअरला पहिले दोन दिवस छान गेले. (२०२४ च्या सप्टेंबरात या शहराचे नाव श्री विजयपुरम झाले. आम्ही गेलो तेव्हाचे नाव जिभेवर बसले आहे, म्हणून तेच लिहिते.) सेल्युलर जेलमध्ये सासूबाई सावरकरांच्या कोठडीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. ४ जुलै १९११ रोजी त्यांना इथे आणले, आणि थोरले बंधू बाबाराव त्याआधीपासून याच तुरुंगात होते, हे गाईड सांगत होता. सासूबाईंची शाळा चौथीपर्यंत, पण ही कथा त्यांना पाठ होती. जिना चढवत नव्हता तरी त्या चढल्या. आमच्या सहलीचे अर्धे कारण तेच होते.

याच ठिकाणची एक पैशाची गोष्ट मला नंतर वाचायला मिळाली. १८५८ मध्ये इंग्रजांनी पोर्ट ब्लेअरला कैद्यांची वसाहत सुरू केली. तिथे काही वर्षे साधा रुपया न देता तांब्याचे एक रुपयाचे टोकन चालवले जाई. १८६१ साल कोरलेली अशी टोकने नाणी जमवणाऱ्यांकडे आजही आहेत. हे टोकन वसाहतीबाहेर कवडीमोलाचे, म्हणजे कैद्याने कितीही साठवले तरी पळून गेल्यावर उपयोग शून्य. पैसा एका बेटावर चालतो आणि दुसरीकडे चालत नाही, ही युक्ती तिथे आधीच वापरून झाली होती!

८ नोव्हेंबरला मंगळवारी आम्ही बोटीने हॅवलॉकला गेलो. त्या बेटाचे नाव २०१८ मध्ये स्वराज द्वीप झाले. अंदमान फार पूर्वेला, पण घड्याळ आपलेच, त्यामुळे नोव्हेंबरात पाच वाजताच अंधार पडतो. जेवणे लवकर आटोपून आम्ही हॉटेलच्या जेवणघरात बसलो होतो. टीव्ही चालू होता. आठ वाजता पंतप्रधानांचे भाषण सुरू झाले. हिंदीतले भाषण, प्रत्येक शब्द कळत होता, तरी अर्थ डोक्यात शिरायला पाच मिनिटे लागली. रात्री बारानंतर पाचशे आणि हजाराच्या नोटा चालणार नाहीत. उद्या बँका बंद. एटीएम उद्या बंद, काही ठिकाणी परवाही बंद. दहा तारखेपासून ओळखपत्र दाखवून चार हजारांपर्यंत बदलून मिळतील, बाकी तीस डिसेंबरपर्यंत खात्यात भरा.

जेवणघरात पुण्याचे एक जोडपे होते, गुजरातमधली मंडळी होती, बंगाली कुटुंबे होती. काही क्षण कोणी बोलले नाही. मग एकदम सगळे उठले आणि हॉटेलच्या मालकाभोवती गोळा झाले. तो बिचारा स्वतःच गोंधळलेला. फोन लावावा तर लागत नव्हता. त्या काळी अंदमानचे सारे इंटरनेट उपग्रहावरून येई, एरवीही एक फोटो पाठवायला अर्धा तास लागायचा.

मी खोलीवर येऊन वही उघडली. पलंगावर सगळ्या पिशव्या रिकाम्या केल्या. हजाराच्या चौतीस, पाचशेच्या एकोणतीस. म्हणजे अठ्ठेचाळीस हजार पाचशे रुपये, उद्या सकाळपासून कागद. चिल्लर उरली होती अकरा हजार सातशे. अकरा माणसे, आणि १२ तारखेच्या विमानापर्यंतचा सगळा खर्च त्यातच. जाऊबाईंनी दहाच्या नोटांचे बंडल हातात घेतले, माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता पुन्हा मोजायला बसल्या.

रात्री साडेदहाच्या सुमारास दारावर टकटक झाली. सासूबाई होत्या. आमचे मिस्टर खाली मालकाशी बोलायला गेले आहेत हे पाहूनच आल्या होत्या. दार लावायला सांगितले आणि कमरेची चंची सोडून पलंगावर उलटी केली. सुपारी, अडकित्ता, लवंगा, आणि घडी घालून घालून मऊ झालेल्या पाचशेच्या चौदा नोटा.

"अगं, ह्याही गेल्या का?"

मी म्हटले, "गेल्या नाहीत आई, घरी गेल्यावर बँकेत भरू. पण तुमच्याकडे हे..."

"माझ्या दिवसकार्याचे आहेत. पोरांवर भार नको म्हणून ठेवलेत. घरी कुणाच्या भरवशावर ठेवू? म्हणून जवळच असतात." मग जरा थांबून म्हणाल्या, "त्याला सांगू नकोस. त्याला वाईट वाटेल."

मी सांगितले नाही. २०२१ मध्ये त्या गेल्या. आता सांगायला हरकत नाही, आणि मिस्टरांनाही हे लिहिण्याआधी सांगितले. सात हजार रुपये म्हणजे फार नव्हेत. पण ते किती वर्षांत, कुठल्या कुठल्या भाजीतून आणि दुधातून वाचवले असतील याचा हिशेब कोणत्याच वहीत नव्हता. त्या नोव्हेंबरात देशभर किती घरांत अशा चंच्या, डाळीचे डबे आणि साड्यांच्या घड्या उलगडाव्या लागल्या असतील! बायकांनी नवऱ्यापासून, मुलांपासून लपवलेला पैसा एका रात्रीत उघड झाला. मोठे लोक त्याला काळा पैसा म्हणत होते. आमच्या सासूबाईंच्या नोटांवर हळदीचे पिवळे डाग होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलमालकाने खोल्यांचे उरलेले साडेबारा हजार जुन्या नोटांत घेतले. त्याला ते खात्यात भरता येणार होते. जेवणाचे मात्र म्हणाला, "भाभीजी, मछलीवाला और सब्जीवाला मुझसे नहीं लेगा, मैं आपसे कैसे लूँ?" त्याचे चुकीचे नव्हते. मी वहीत तीन दिवसांचा नवा हिशेब मांडला. आधी जेवण, मग बोटीच्या धक्क्यापर्यंत जाणे-येणे, आणि दोन हजार रुपये औषधपाण्यासाठी बाजूला, त्यांना कोणी हात लावायचा नाही. राधानगरच्या किनाऱ्यावर जीपने न जाता सरकारी बसने गेलो. गंमत बघा, सरकारी बसच्या तिकिटाला जुन्या नोटा तीन दिवस चालतील असे जाहीर झाले होते, पण तिकीट दहा-बारा रुपयांचे. पाचशेची नोट कायद्याने चालत होती, पण कंडक्टर बिचारा मोड कुठून देणार?

पुतण्या तेव्हा सोळा वर्षांचा होता. समुद्राच्या तळाशी जाऊन मासे पाहायचे, स्कूबा करायचे, हे स्वप्न घेऊन तो आला होता. वर्षभर त्याने त्याचे व्हिडिओ पाहिले होते. साडेतीन हजार रुपये, तेही नव्या किंवा लहान नोटांत. तो तोंड पाडून बसला. आजीने मला बाजूला घेऊन सांगितले, "जाऊ दे ना पोराला पाण्यात." भाऊजीही काही बोलले नाहीत, पण त्यांच्या मनात होते. मी नाही म्हटले. एकाच्या एका तासासाठी अकरा जणांचे दीड दिवसाचे जेवण द्यायचे नव्हते. आणि खरे कारण वेगळेच होते. पैसे सामायिक होते. माझी मुलगीही तेवढीच उत्सुक होती, तिला नाही म्हणून त्याला हो म्हणणे मला जमले नसते, आणि दोघांना मिळून सात हजार लागले असते. दोघांना दोनशे रुपयांत चष्मा आणि नळी भाड्याने घेऊन दिली. कमरेएवढ्या पाण्यात तोंड बुडवून दोघे दुपारभर मासे मोजत राहिले. पुतण्या आज नोकरीला आहे. अजूनही "काकू, माझे स्कूबा बाकी आहे" असे ऐकवतो. ऐकवू दे. तो निर्णय मी आजही तसाच घेईन.

१० तारखेला सकाळी पुरुषमंडळी नोटा बदलायला तिथल्या एका शाखेत गेली. प्रवासी, मजूर, कोळी, सगळ्यांची रांग रस्त्यापर्यंत. आमची बोट दुपारची. नंबर यायच्या आत परत यावे लागले. तसेच नील बेटावर गेलो. आता त्याला शहीद द्वीप म्हणतात. हे बेट आणखी लहान. तिथले बरेचसे लोक फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या आणि सरकारने वसवलेल्या कुटुंबांतले. भात, भाजी, केळी, सुपारी. केळीच्या बागा पाहून आमच्या मिस्टरांना एकदम घरच्यासारखे वाटले आणि ते एका शेतकऱ्याशी घडाच्या वजनावर अर्धा तास बोलत राहिले. इथे हिंदी सगळ्यांना येते. हिंदी माध्यमात शिकल्याचा एवढा फायदा मला दुसरीकडे क्वचितच झाला असेल.

धक्क्याजवळ एका खानावळीत आम्ही जेवलो. भात, डाळ, बटाट्याची भाजी. अकरा जणांचे आठशे साठ रुपये झाले. मी दहा-दहाच्या नोटा मोजू लागले. मालक, पन्नाशीचा गृहस्थ, माझे मोजणे पाहत उभा होता. त्याने विचारले, "दीदी, आगे के लिए कितना है?" मी खरे ते सांगितले. तो म्हणाला, "ये रख लो, बच्चे साथ में हैं। घर जाके भेज देना।" सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला त्याने आपले नाव-गाव लिहून दिले. मी आग्रह केला, पण त्याने नोटा घेतल्या नाहीत. तीन हजार किलोमीटरवरून आलेली, पुन्हा कधी न दिसणारी माणसे आम्ही. घरी आल्यावर नेपानगरच्या पोस्टातून त्याला मनीऑर्डर केली आणि शंभर रुपये जास्त पाठवले. दहा-बारा दिवसांनी त्याचा फोन आला. पैसे मिळाले, आणि शंभर जास्त का आले, हे विचारायला!

११ तारखेला संध्याकाळी पोर्ट ब्लेअरला पोहोचलो तेव्हा कुठे भाऊजींचे कार्ड कामाला आले. त्या हॉटेलात मशीन होते आणि ते चालले. मग त्यांचाही चेहरा खुलला. १२ तारखेला विमानात बसताना माझ्या पिशवीत औषधपाण्याचे दोन हजार जसेच्या तसे होते आणि वर चारशे दहा रुपये. कोलकात्याला उतरल्यावर त्याच पैशांवर गाडीपर्यंत पोहोचलो.

घरी आल्यावर मी सासूबाईंना घेऊन रांगेत उभी राहिले. तोपर्यंत मर्यादा साडेचार हजार झाली होती. त्यांना दोन हजाराच्या दोन नव्या गुलाबी नोटा आणि शंभराच्या पाच मिळाल्या. उरलेले अडीच हजार खात्यात. नव्या नोटा हातात घेऊन म्हणाल्या, "एवढे पैसे होते, वजन कुठं गेलं?" त्यांच्यामागे चंची उघडली तेव्हा त्यातली एक गुलाबी नोट तशीच होती. मे २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने दोन हजाराची नोटही परत घ्यायला सुरुवात केली. बँकेत बदलायची मुदत होती, मी ती बदलली नाही. कायद्याने ती अजून नोटच आहे.

यावर कोणी म्हणेल, नोटबंदी काय रोज होते? खरे आहे, होत नाही. पण अडचण नोटेची नसते, तर समोरचा माणूस काय घेऊ शकतो याची असते. हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. सुरत-आग्रा रस्त्यावरचे बुऱ्हाणपूर हे मोगलांच्या काळी व्यापाराचे मोठे ठाणे. वाटेत चोरांचे भय. तेव्हाचा व्यापारी चांदीची थैली उंटावर लादण्यापेक्षा हुंडी लिहून घेई. सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या तावर्निये याने आपल्या प्रवासवर्णनात हुंडीचे दर नोंदवले आहेत. आग्र्याहून सुरतेच्या हुंडीला सव्वाचार ते पाच टक्के आणि बुऱ्हाणपूरहून अडीच ते तीन टक्के. म्हणजे हजार रुपये कागदावर न्यायचे तर पंचवीस-तीस रुपये मोजावे लागत. लोक ते मोजत होते, कारण सुरतेत ती हुंडी वटवणारा सराफ बसलेला आहे याची त्यांना खात्री होती. जिथे सराफ नाही तिथे हुंडी कितीही मोठ्या पेढीची असो, रद्दीच. आपल्या मोबाईलमधल्या पैशाचेही तसेच आहे. त्याचा सराफ म्हणजे नेटवर्क.

जानेवारी २०२४ मध्ये मी, मिस्टर आणि मुलगी पुन्हा अंदमानला गेलो तेव्हा हा सराफ तिथे पोहोचलेला होता. १० ऑगस्ट २०२० रोजी चेन्नईहून अंदमान-निकोबारला समुद्राखालून टाकलेल्या केबलचे उद्घाटन झाले. सुमारे तेवीसशे किलोमीटर लांबीची ही केबल पोर्ट ब्लेअरशिवाय सात बेटांना जोडते. हॅवलॉक त्यात आहे. तिथे शहाळेवाल्याच्या हातगाडीवरही क्यूआरचा कागद लटकत होता. मुलगी फोन दाखवून पैसे देत होती आणि मी पाहत होते. पण त्या सात बेटांत नील नाही. तिथे शहाळे पिऊन झाले, मुलीने फोन धरला आणि पडद्यावरचे चक्र फिरत राहिले. शहाळेवाला कंटाळून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी पिशवीतून शंभराची नोट काढली. या खेपेला कोणी हसले नाही. आमची ती खानावळ मात्र दिसली नाही. त्या जागी मोठे दुकान झाले आहे. चौकशी केली तर गृहस्थ मुलाकडे कोलकात्याला राहायला गेल्याचे कळले.

आता पालकांनी विचारलेल्या प्रश्नाकडे येते. विमान, बोटी आणि हॉटेल यांचे पैसे जमेल तेवढे घरूनच, खात्यातून भरून टाकावेत. ते ओझे बरोबर नेऊ नये. उरलेल्या खर्चापैकी निदान बेटांवरच्या दिवसांचे जेवण आणि गाडीभाडे भागेल एवढी रोख असावी, आणि तीत शंभर, पन्नास, वीस, दहा अशा नोटा भरपूर असाव्यात. या नोटा पोर्ट ब्लेअरला जाऊन मागू नका, बुऱ्हाणपूरहूनच न्या. सगळी रोख एकाकडे देऊ नका. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळही थोडे पैसे असू द्या, त्यांना हात पसरायला लावू नका. मोबाईलवरून पैसे देणार असाल तर दोन वेगळ्या कंपन्यांची सिमे असलेले दोन फोन ठेवा. फोन समुद्रात पडला तर फोनही जातो आणि पाकीटही, हे तरुण मंडळींच्या लक्षात येत नाही. पाण्यात उतरताना एकाने किनाऱ्यावर सामानाजवळ बसायचेच. आमच्यात पाळी लावली होती. खारे पाणी लागलेल्या नोटा चिकटतात, म्हणून नोटा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. मी फराळाचा डबा वापरला.

खरेदीविषयी एकच सांगते. किनाऱ्यावरचे प्रवाळ आणि शिंपले पिशवीत भरू नका, त्याला बंदी आहे आणि विमानतळावर सामान तपासतात. शिंपल्यांच्या वस्तू घ्यायच्याच तर परवानाधारक दुकानातून घ्या आणि पावती जपून ठेवा. आमच्यासमोर एका बाईंनी कौतुकाने गोळा केलेले शंख विमानतळावर काढून ठेवले, तेव्हा त्यांची नात रडत होती.

मुलांना खर्चाच्या वहीत बसवा. आठवी-नववीच्या मुलाला रोज रात्री हिशेब लिहायला सांगितले तर ते आधी कुरकुरते, मग तिसऱ्या दिवशी तेच आपल्याला विचारते की दुपारचे वीस रुपये कुठे गेले. आमची २०१६ ची वही अजून माझ्या कपाटात आहे. ९ नोव्हेंबरच्या पानावर पुतण्याने पेन्सिलीने लिहिले आहे, "स्कूबा – ० रुपये", आणि शेजारी रडका चेहरा काढला आहे. ज्यांना वही पाहायची असेल त्यांनी शनिवारी मधल्या सुट्टीनंतर कार्यालयात यावे. मे महिन्यात जाणाऱ्यांनी जरा लवकर यावे, कारण त्या सुमारास तिकडे पाऊस सुरू होतो आणि बोटींचे वेळापत्रक बदलते, तेव्हा एक-दोन दिवसांचा जास्तीचा खर्चही धरून चालावे लागेल.